आल्याचं तेल जंतू मारतं, मग आल्याला सड का लागते?

गेल्या श्रावणात चार दिवस माहेरी गेले होते. कोरेगाव तालुक्यात आमचं रान आहे, त्यात एकरभर आलं. सकाळचा चहा झाल्यावर दादानं काचेचा एक ग्लास विसळला, स्वच्छ पाण्यानं भरला आणि म्हणाला, "चल, तुला एक दाखवतो."

पाऊस नुकताच उघडला होता. गादीवाफ्यांवर आलं कमरेएवढं झालं होतं. मधेच पाच-सहा झाडांनी मात्र माना टाकल्या होत्या. बुडाशी भरपूर ओल, तरी पानं उन्हाळ्यात सुकावीत तशी कडेनं गुंडाळलेली आणि खालून पिवळी पडत आलेली. दादानं एक खोड धरून हलकंच ओढलं, ते अलगद हातात आलं. विळ्यानं बुडाशी सरळ काप घेतला आणि कापलेलं टोक ग्लासातल्या पाण्यात बुडवून धरलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्या कापातून दुधाचा बारीक धागा सुटावा तसं काहीतरी पांढुरकं खाली उतरायला लागलं. एक धागा, मग दुसरा. पाच मिनिटांत ग्लासाच्या तळाशी पाणी गढूळ झालं.

तो धागा म्हणजे जिवंत जंतू, कोट्यवधींनी. त्याचं नाव राल्स्टोनिया. आल्याच्या खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत तो वाढतो, चिकट बुळबुळीत द्रव सोडतो आणि नळ्या तुंबवतो. म्हणून झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. आल्याची कंदकूज इतर कारणांनीही होते, पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जीवानंही होते. पण ग्लासात दुधाळ धागा सुटला की हे जंतूचं काम, हे शेतातल्या शेतात कळतं. प्रयोगशाळा लागत नाही.

ग्लास खाली ठेवून दादा म्हणाला, "आगं, तू पोरांना शिकवतीस ना, आल्याच्या तेलानं जंतू मरत्यात म्हणून? मग ज्याच्या पोटात ते तेल हाय, त्यालाच जंतू कसा काय खातोय?"

मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. इतकी वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न इतका नेमका मला कुणी विचारला नव्हता. बांधावर उभं राहून मी दिलेलं उत्तर अर्धंमुर्धं होतं. नीट उत्तर द्यायचं तर हे तेल काय असतं, ते जंतूला कसं मारतं आणि किती लागतं, तिथपासून सुरुवात करावी लागते.

आधी कुळाची ओळख. आलं आणि हळद ही सख्खी भावंडं आहेत हे शेतकऱ्याला पानं पाहूनच कळतं. वेलदोडा त्यांच्याच घरातला. दिवाळीच्या उटण्यात पडणारी आंबेहळद आणि कपूरकाचरी त्याच कुळातल्या. गवई आणि कीर्तनकार गळ्यासाठी तोंडात धरतात ते कोळंजन, संध्याकाळी वास दरवळवणारा सोनटक्का, पावसाळ्यात कासच्या पठारावर आणि महाबळेश्वरला फुलणारी चवर, सगळी आल्याच्याच गोतावळ्यातली. जगभरात या कुळात दीड हजाराहून जास्त जाती आहेत. बहुतेकांची एक खूण सारखी: पान, कंद किंवा बी चुरडलं की वास येतो. तो वास म्हणजेच आपल्या लेखाचा विषय.

बाजारात याला 'इसेन्शियल ऑइल' म्हणतात आणि कुठल्या कुठल्या बाटल्यांवर त्याचं भाषांतर 'अत्यावश्यक तेल' असं छापलेलं दिसतं. ते साफ चूक आहे. इथे अर्थ 'अर्क' असा आहे, वनस्पतीचा वासाचा अर्क. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाशी याचं काही नातं नाही. ते घाण्यातून पिळून निघतं, कागदावर पडलं तर डाग राहतो. हे मात्र हवेत उडून जातं. म्हणून मराठीत 'बाष्पशील तेल' किंवा 'सुगंधी तेल' म्हणणं जास्त बरोबर.

आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी दरवर्षी हळदीचं तेल काढतात. गोल बुडाच्या काचेच्या चंबूत शंभर ग्रॅम हळद आणि पाणी घालायचं, खाली शेगडी, वर क्लेव्हेंजर नावाचं काचेचं उपकरण. पाणी उकळलं की वाफेबरोबर तेलाचे कण वर जातात, वर थंड होतात आणि मापाच्या खुणा असलेल्या बारीक नळीत पाण्यावर तरंगत साठतात. तीन तास चंबू खदखदत राहतो. शेवटी नळीत दिसतो तो तीन-चार मिलीलिटरचा, फिकट सोनेरी थर. शंभर ग्रॅम हळदीतून एवढंच. आणि वर्गात वास असा भरतो की मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामात उभं राहिल्यासारखं वाटतं.

इथे मुलं हमखास चकित होतात. हळदीचा पिवळाधमक रंग कुठे गेला? तो चंबूतच राहिला. हळदीला पिवळेपणा देणारं कर्क्युमिन वाफेबरोबर उडत नाही. म्हणजे हळदीच्या सुगंधी तेलात कर्क्युमिन नसतंच. तिथे असतात टर्मेरोन नावाच्या जोडगोळीतली द्रव्यं, हळदीला तिचा मातकट, उबदार वास देणारी. आल्याचंही तेच. जिभेला झोंबणारं जिंजेरॉल तेलात उतरत नाही, त्यामुळे आल्याच्या सुगंधी तेलाला आल्याचा वास असतो, पण तिखटपणा जवळपास नसतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण वर्तमानपत्रातल्या बातम्यांत कर्क्युमिनवरचं संशोधन, हळदीच्या तेलावरचं संशोधन आणि दुधातल्या हळदीचा घरगुती अनुभव या तीन वेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात ढवळलेल्या असतात.

आता हे तेल जंतूला मारतं कसं? यासाठी मला कोयना धरण आठवतं.

प्रत्येक जंतूभोवती स्निग्ध पदार्थाचं अतिशय पातळ, दुहेरी आवरण असतं. त्याला पेशीपटल म्हणतात. जंतूचं सगळं ऊर्जाकारण या पटलावर चालतं. तो विद्युतभारित हायड्रोजनचे कण पटलाच्या बाहेरच्या बाजूला ढकलून साठवतो, जसं धरण पाणी अडवतं. मग ते कण पटलात बसवलेल्या एका चक्रातून आत येतात आणि चक्र फिरवतात. ते खरोखर फिरतं, ही नुसती उपमा नाही. त्या फिरण्यातून पेशीला लागणारी ऊर्जा तयार होते, कोयनेच्या जलविद्युत केंद्रात पाण्यानं टर्बाईन फिरावं तशी.

सुगंधी तेलाचे रेणू बारीक आणि स्निग्ध. पाण्यात त्यांचं मन रमत नाही. जंतूजवळ आले की तुपात तूप मिसळावं तसे ते पटलात मुरतात. पटल सैल पडतं, ठिकठिकाणी पाझरायला लागतं. साठवलेले कण चक्रातून न येता भेगांतून आत शिरतात, आतलं पोटॅशियम बाहेर गळतं. धरणाची भिंत झिरपली की टर्बाईन थांबतं, तसं जंतूचं चक्र थांबतं. तेल थोडं असेल तर तो डागडुजी करून पुन्हा उभा राहतो. तेल पुरेसं असेल आणि पुरेसा वेळ भिडलेलं असेल, तर मरतो.

सगळे जंतू एकसारखे मरत नाहीत. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली जंतूंना रंगवण्याची एक पद्धत शोधली. त्यात काही जंतू जांभळे राहतात, काही गुलाबी दिसतात. आजही कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर 'ग्रॅम पॉझिटिव्ह' किंवा 'ग्रॅम निगेटिव्ह' लिहिलेलं असतं ते त्यांच्यामुळे. जांभळे राहणारे जंतू, उदाहरणार्थ गळू करणारा स्टॅफिलोकोकस, यांना भिंत जाड असते पण ती सच्छिद्र असते. तेल त्यातून झिरपून पटलापर्यंत पोचतं. गुलाबी दिसणाऱ्यांना, म्हणजे जुलाब करणारा ई. कोलाय, टायफॉइडचा साल्मोनेला वगैरेंना, आणखी एक बाहेरचं आवरण असतं. गडाला बालेकिल्ल्याखेरीज बाहेरची तटबंदी असावी तसं. या तटाच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या साखळ्या असतात, त्या पाण्याला जवळ करतात आणि तेलाला दूर ठेवतात. त्यामुळे आले-हळदीची तेलं पहिल्या गटावर चांगली चालतात आणि दुसऱ्यावर बरीच कमी. जखमा चिघळवणाऱ्या स्यूडोमोनासकडे तर तटबंदी आहेच, वर आत शिरलेला नको तो पदार्थ बाहेर उपसून टाकणारे पंपही आहेत.

आणि दादाच्या ग्लासात उतरलेला राल्स्टोनिया? तोही गुलाबी गटातलाच. तटबंदीवाला.

तेलातेलातही फरक आहे. ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल या जंतूंच्या बाबतीत फार जहाल द्रव्यं. आले कुळातली तेलं त्यांच्या मागे पडतात, हे मी हळदीच्या सांगलीत राहूनही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आल्याच्या तेलातला मोठा हिस्सा झिंजिबरीनसारख्या द्रव्यांचा असतो. ही द्रव्यं पाण्यात इतकी कमी विरघळतात की जंतूपर्यंत पोचायलाच त्यांना जड जातं. त्याच तेलात लिंबासारखा वास देणारं सिट्रल असतं, ते जास्त कामाचं. ओल्या आल्याच्या तेलात सिट्रल सुंठीच्या तेलापेक्षा जास्त सापडतं. वेलदोड्याच्या तेलात सिनिओल आणि टर्पिनिल अ‍ॅसिटेट ही दोन मुख्य. जमीन, वाण, काढणीचा महिना, वाळवण्याची पद्धत, सगळ्यानं ही प्रमाणं बदलतात. म्हणून 'आल्याचं तेल अमुक जंतूवर चालतं' हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या आल्याचं, ओल्या की वाळल्या, त्यात काय किती होतं, हे सांगितल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नाही.

आता प्रयोगशाळेतल्या त्या प्रसिद्ध वर्तुळाकडे वळू. काचेच्या बशीत अगारचा थर असतो, दिसायला चायना ग्रासच्या खरवसासारखा. त्यावर जंतू पसरतात आणि मधे तेलात भिजवलेली ६ मिलिमीटरची कागदी टिकली ठेवतात. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरलेली असते, फक्त टिकलीभोवती स्वच्छ गोल उरतो. तिथे जंतू वाढू शकले नाहीत. विद्यार्थिनींनी पहिल्यांदा हळदीच्या तेलाभोवतीचं ते वर्तुळ पाहिलं की त्यांचे डोळे चमकतात. माझेही अजून चमकतात.

पण पट्टी लावून ते वर्तुळ मोजताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ही चाचणी मुळात पाण्यात विरघळणाऱ्या प्रतिजैविकांसाठी, म्हणजे अँटिबायोटिक औषधांसाठी बसवलेली आहे. अगार म्हणजे बहुतांश पाणी. तेल त्यात पसरत नाही, टिकलीपाशीच अडकून बसतं, शिवाय रातोरात थोडं उडूनही जातं. म्हणून लहान वर्तुळ दिसलं तर तेल कमजोर, असं म्हणता येत नाही. आणि उलट, मोठं वर्तुळ दिसलं म्हणजे औषध सापडलं, असंही नाही. जास्त भरवशाची पद्धत म्हणजे तेल पातळ करत करत द्रवात मिसळायचं आणि जंतूची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण शोधायचं. तिथेही तेल पाण्यात मिसळावं म्हणून साबणासारखं एखादं द्रव्य घालावं लागतं, आणि ते द्रव्य स्वतःच जंतूला त्रास देतंय का, हे वेगळं तपासावं लागतं.

हे कमीत कमी प्रमाण हाच सगळ्यात महत्त्वाचा आकडा. स्टॅफिलोकोकसला रोखायला कित्येक प्रतिजैविकांचे मिलिलिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम पुरतात. आलं-हळदीच्या तेलांना बहुतेक वेळा शेकड्यांत, कधी हजारांत मायक्रोग्रॅम लागतात. एक हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम.

हा आकडा हाताशी घेऊन घरातला हळद-दुधाचा कप मोजून पाहू. अर्धा लहान चमचा हळद म्हणजे साधारण दीड ग्रॅम. हळद शिजवताना, वाळवताना, दळताना तेल उडतं, तरी ४ टक्के उरलं असं धरू. झालं ६० मिलिग्रॅम तेल. २०० मिलिलिटर दुधात ते मिलिलिटरमागे ३०० मायक्रोग्रॅम पडतं. म्हणजे कपात तरी आकडा प्रयोगशाळेच्या उंबरठ्यापाशी पोचतो. पण दुधातली साय आणि प्रथिनं त्या तेलाला धरून ठेवतात. शिवाय दूध पोटात जातं. समजा, पचनात काहीच वाया गेलं नाही आणि सगळंच्या सगळं तेल एकदम रक्तात उतरलं. प्रौढ माणसाच्या अंगात ५ लिटर रक्त असतं. भागाकार केला तर मिलिलिटरमागे येतात १२ मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात यकृत त्यातलं बरंचसं वाटेतच बदलून टाकतं, तेव्हा खरा आकडा याहून फार खाली. छातीत जंतूंचा संसर्ग झालेल्या माणसाला यानं काही होणार नाही. गरम दुधानं घशाला आराम पडतो, झोप चांगली लागते, म्हणून मीही हळद-दूध पिते आणि मुलांना देते. न्यूमोनियावर देत नाही.

हेच गणित वेलदोड्याचं केलं तर चित्र पालटतं. एका वेलदोड्यातले दाणे भरतात जेमतेम दीडशे मिलिग्रॅम, पण दाण्यांत तेल ७ टक्क्यांच्या आसपास असतं. झालं १० मिलिग्रॅम. जेवणानंतर दाणे चावले की तोंडात दोन-तीन मिलिलिटर लाळ असते. सगळं तेल सुटत नाही, अगदी निम्मंच सुटलं असं धरलं तरी मिलिलिटरमागे दीड-दोन हजार मायक्रोग्रॅम. हा आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या पंगतीत बसतो! फक्त टिकतो काही मिनिटं, मग आपण गिळून टाकतो. दातांवरचा जंतूंचा जाड थर एवढ्यानं हलत नाही, ब्रश लागतोच. पण तोंडाच्या वासामागे जे जंतू असतात त्यांची आणि तेलाची इथे समोरासमोर गाठ पडते. पानाच्या तबकात वेलदोडा ठेवणाऱ्यांनी ही जागा बरोबर हेरली होती असं मला मनापासून वाटतं.

म्हणजे तेलाला जंतू भेटला पाहिजे, पुरेसं तेल भेटलं पाहिजे आणि पुरेसा वेळ भेटलं पाहिजे. दूध-हळदीत हे जमत नाही, वेलदोड्यात थोडा वेळ जमतं.

जखमेवर हळद लावतात त्याबद्दल मात्र मी कडक आहे. इथे लोक मला हमखास पेटंटची गोष्ट ऐकवतात. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनं त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या सगळ्यांना अभिमान वाटावा अशीच ती लढाई. पण पेटंट कशावरून रद्द झालं? हे ज्ञान नवीन नाही, भारतात ते पिढ्यानपिढ्या वापरात आणि ग्रंथांत आहे, यावरून. हळदीनं जखम किती भरते, हा त्या खटल्याचा प्रश्नच नव्हता. तरी लोक त्याला हळदीच्या औषधीपणावरचं शिक्कामोर्तब समजतात.

स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते. हळद शिजते, पण मग ती खळ्यावर दहा-पंधरा दिवस उन्हात पसरलेली असते. माती, धूळ, पाखरं, पायताणं. बॅसिलस नावाचे जंतू बिकट काळात स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू बनतात. ते उकळण्यानंही सहज मरत नाहीत आणि कोरड्या मसाल्यांत महिनोन् महिने निपचित पडून राहतात. तेल शेजारीच असतं, पण कोरड्या भुकटीत ते त्यांच्या कवचातून आत जात नाही. खोल जखमेत अशी भुकटी दाबून भरली की हवा बंद होते, आणि मातीतला धनुर्वाताचा जंतू नेमका बिनहवेच्या जागी वाढतो. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, आणि डॉक्टरांना विचारून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हळद भाजीत घाला.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांबद्दलही असाच एक समज आहे. जमिनीत खोदलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. हळदीत जंतुनाशक गुण आहेत म्हणून टिकायची, असं अनेक जण सांगतात. खरं कारण कोरडेपणा आणि बंद हवा. ओलावा नाही म्हणून बुरशी-जंतूंना वाढता येत नाही, प्राणवायू नाही म्हणून किडे जगत नाहीत. २००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं तेव्हा तीच हळद, तेच तेल पोटात असून, खराब झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पेवं बांधणाऱ्यांची समजही त्या मानाच्या तोडीची होती, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

मग इतके संशोधक या तेलांमागे का लागलेत? कारण गरज खरी आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार लोक दगावले, असा अंदाज नंतर प्रसिद्ध झाला. आमच्याकडे सर्दीलाही मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून दोन दिवस खातात आणि सोडून देतात. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. प्रतिजैविक बहुधा जंतूच्या एकाच ठिकाणावर नेम धरतं, जंतूनं ते ठिकाण बदललं की नेम चुकतो. तेल पूर्ण पटलावर पसरतं, त्यामुळे जंतूला सुटका करून घेणं जरा अवघड जातं. पटल सैल झालं की प्रतिजैविक आत शिरायला सोपं होतं, म्हणून दोन्ही मिळून कसं चालतं हेही तपासलं जातं. तेलाची नुसती वाफही काही जंतू आणि बुरशी रोखते, म्हणून अन्नाच्या वेष्टनात ते वापरता येईल का, यावर काम चालतं. मला ही दिशा सगळ्यात आशेची वाटते. तिथे गिळायचं नाही, रक्तात पोचवायचं नाही, डबा बंद असल्यामुळे वाफही उडून जात नाही.

थेट औषध म्हणून तेल टोचता का येत नाही, याचं कारण पटलातच आहे. पेनिसिलिन जंतूच्या भिंतीवर हल्ला करतं, आणि आपल्या पेशींना तशी भिंतच नसते. म्हणून ते जंतूला मारतं, आपल्याला सोडतं. पण स्निग्ध पटल आपल्याही पेशींना आहे. तेल त्यातही मुरतं, आपपर पाहत नाही. बाटलीतलं निव्वळ तेल कातडीवर चोळलं तर आग होते, पुरळ उठतं. थेंब थेंब पिणं तर दूरच ठेवा. लहान बाळाच्या नाकाशी किंवा तोंडाशी सिनिओल किंवा कापूर असलेलं कुठलंच तेल नेऊ नका, बाळाचा श्वास अडखळू शकतो.

आता दादाचा प्रश्न. आल्याच्या कंदाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तेल कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. पिठूळ पेशींच्या गर्दीत मधून मधून एखादी पेशी पिवळसर, चकचकीत थेंबानं भरलेली. तेल त्या पेशीत कोंडलेलं असतं, कुलूपबंद. ते कंदभर पसरलेलं नसतं, आणि ते बरंच आहे, कारण पसरलं असतं तर आल्याच्या स्वतःच्याच पेशींची पटलं पाझरली असती. पेशी फुटली, किड्यानं चावली, आपण किसली, तरच थेंब बाहेर येतो. राल्स्टोनिया मुळाच्या बारीक जखमेतून, बहुधा सूत्रकृमीनं केलेल्या भोकातून, आत शिरतो आणि सरळ पाण्याची नळी धरतो. त्या नळीत फक्त पाणी आणि थोडे क्षार. तो कोठाराच्या शेजारून जातो, कोठाराचं दार उघडतच नाही. दोघं एकाच कंदात राहतात आणि त्यांची भेट होत नाही.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग आपण बाहेरनं तेल वतलं तर? ड्रिपातनं सोडलं तर?"

मी वही काढली. एकराची वरची सहा इंच मातीच हिशोबात घेतली तरी तिचं वजन आठशे टनांच्या घरात जातं. मातीत ग्रॅममागे एक मिलिग्रॅम तेल पोचवायचं म्हटलं तर आठशे किलो तेल लागेल. ओल्या आल्यात तेल असतं हजारी तीन भाग.

दादानं वहीकडे पाहिलंही नाही. आल्याचा हिशोब तो गाडीत करतो, एक गाडी म्हणजे पाचशे किलो. "एका गाडीला दीड किलो," तो म्हणाला. "आठशेला पाचशेच्या वर गाड्या. आपल्याला एकराला निघत्यात पंचवीस. म्हंजे एक एकर वाचवायला वीस एकर आलं गाळायचं."

वहिनी हसली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

त्यानं नंतर जे केलं ते जुनंच आहे. लागलेली झाडं मातीसकट उपसून रानाबाहेर नेली, त्या वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात जाणार नाही असा चर काढला, खुरपी धुऊन वापरायला लावली. त्या तुकड्यात यंदा ज्वारी आहे. टोमॅटो, मिरची, वांगं तिथे घेणार नाही, कारण हा जंतू त्यांच्यावरही राहतो. अक्षय तृतीयेच्या लागणीसाठी बेणं दुसऱ्या गावातून आणलं. आणण्याआधी, झाडं हिरवी होती तेव्हाच, तो काचेचा ग्लास घेऊन त्या माणसाच्या प्लॉटात जाऊन आला होता.